चौकीवाल्याचं एक वाक्य

पलीकडे यशवंताने गडग्याचे दगड काढायला घेतले की समजायचं, शिमगा आला. कॅलेंडर बघायची गरज नाय. बघून मला कळत पण नाय. चौथीत मी तीन वर्षं काढली, शेवटी मास्तरांनीच माझ्यापुढे हात जोडले. आता हे पण मी पडवीत बसून बोलतोय आणि सून मोबाईलवर लिहून घेतेय. शिव्या ती गाळते. शिमग्याबद्दल बोलायचं आणि शिव्या गाळायच्या, म्हणजे फणसातले गरे काढून नुसतं साल वाढायचं. पण तिच्या हातात मोबाईल आहे, मी काय बोलणार?

ठक. थोडा वेळ गप्प. परत ठक. आठ वाजल्यापासून चाललंय. मधेच खाकरतो. ते खाकरणं माझ्यासाठी असतं. यशवंता माझा भावकीतला चुलतभाऊ. आमच्या दोन घरांच्या मधे हा गडगा, म्हणजे माती न घालता जांभ्याचे दगड एकावर एक रचलेला बांध, छातीएवढा. वर्षाचे बाकी दिवस मला त्याचं फक्त टोपीतलं मुंडकं दिसतं, आणि तेवढ्यानेही डोकं फिरतं.

फाल्गुनाचा वास आमच्याकडे मोहोराचा नसतो. तसं लिहिणारे लिहितात, त्यांच्याकडे असेल. आमच्याकडे फवारणीच्या औषधाचा असतो. देवरूखच्या वरच्या अंगाला आमचं गाव, पाठीवर सह्याद्री उभा, आणि पुढे जिथे बघाल तिथे कलमांवर पंप चालू. घशात कडू येतं, डोळे चुरचुरतात, आणि त्या चुरचुरण्याबरोबर मला वेढा आठवतो. का, ते सांगतो.

आमच्या गावच्या नमनात, म्हणजे शिमग्याच्या खेळात, शेवटी वग होतो तो पन्हाळ्याच्या वेढ्याचा. सिद्दीने गडाला मिठी मारलेली, महिन्यांमागून महिने जातायत, वरून आषाढाचा पाऊस, आणि महाराज पालखीत बसून वेढ्यातून निसटतात ते विशाळगडाकडे. ही गोष्ट अख्ख्या मुलखाला माहीत आहे. पण विशाळगड आमच्या डोक्यावर. देश संपतो आणि कोकण सुरू होतं त्या कडेवर बसलेला. त्यामुळे आमच्या गावाला वाटतं की ही गोष्ट आमच्या घरातली आहे. गावातला कुठलाही म्हातारा विचारा, त्याचा खापरपणजोबा त्या पालखीबरोबर धावला होता. सहाशे माणसं होती म्हणतात. आमच्या एका गावातूनच हजार भरतील.

मला प्रश्न पडतो तो दुसराच. बाहेर वेढा घालून बसलेली माणसं हजारोंनी होती. ती गेली कुठे? त्यांतल्या एकाचाही पणतू मला अजून भेटला नाय. आणि सगळे काय लांबून आले होते का? विशाळगडाला पण तेव्हा वेढा पडलेला, आणि तिथे आमच्याच मुलखातले सरदार बसले होते, असं मास्तर एकदा पारावर बोलले. त्यांना कोणी परत पारावर बसू दिलं नाय.

तर वेढ्याला बाहेरची माणसं लागतात. गावात कोण होणार? म्हणून ते मानावर ठरलेलं आहे. ज्या घराचं जे सोंग, ते त्याच घराने घ्यायचं. महाराजांचं सोंग यशवंताच्या घरात, त्याच्या आज्यापासून. आणि चौकीवाल्याचं आमच्या घरात. चौकीवाला म्हणजे सिद्दीचा पहारेकरी. पालखी त्याच्या समोर येते. तो विचारतो, "कोण जातंय?" आतून उत्तर येतं, "वाटसरू. वाट सोड." आणि चौकीवाला बोलतो, "जाऊ द्या." संपलं आमच्या घराण्याचं काम. दुसऱ्यांना पाटीलकी मिळाली, खोती मिळाली. आम्हाला पिढ्यान्पिढ्या फसायचा मान मिळाला. पुस्तकात असा चौकीवाला नाय म्हणतात. नसेना. आमच्या गावात आहे, आणि तो मी आहे.

माझा बापूस ते वाक्य बोलायचा तेव्हा सानेवर, म्हणजे शिमग्यात देवीची पालखी बसते त्या अंगणात, पोरं रडायची थांबायची. तो पालखीकडे बघायचा. लगेच बोलायचा नाय. मग मान फिरवून, कोणाला तरी शिवी दिल्यासारखा बोलायचा, "जाऊ द्या." त्याला ओळख पटली की नाय पटली, कळायचं नाय. एकदा मी विचारलं, "बाबा, त्यानं वळाकलं व्हतं काय?"

"गाढवा," बापूस बोलला, "चार म्हयनं पावसात हुबा हाय. पाय कुजलंत. घरची वाट इसरलाय. त्येला काय वळाकायचं ऱ्हायलं असंल? बोलला असंल, जाऊ द्या एकदाचं, मंजे आमी पन सुटू."

बापूस गेला आणि सोंग माझ्याकडे आलं. मी ते वाक्य एसटीच्या कंडक्टरसारखं बोलतो. पुढे सरका, जाऊ द्या. पहिल्याच वर्षी नाना गावकर, ज्यांच्या शब्दावर आमची पालखी उठते आणि बसते, ते बोलले, "शांताराम, तुझ्या बापानं वेढा राखला. तू तिकिटं फाड."

मग मी माझ्या परीने सोंग उभं केलं, म्हणजे जोक मारायला लागलो. चौकीवर बसल्या बसल्या गावाची टर उडवायची. अमक्याचा बैल त्याच्यापेक्षा शहाणा, तमक्याची बायको आज का आली नाय, असलं. लोक हसायचे. माणसाला अक्कल नसली की हसू तरी पाहिजे पदरात.

आता पंपाचं. गोष्ट आषाढातली आणि आम्ही खेळतो फाल्गुनात, दुपारी तीनच्या उन्हात. मुंबईकरांना संध्याकाळची गाडी असते, म्हणून नमन दुपारी. मग पाऊस कुठून आणायचा? दत्ताराम त्याचा फवारणीचा पंप आणतो. सानेवरच्या आंब्यावर चढून बसतो आणि वरून आमच्यावर धार धरतो. टाकी धुतली म्हणून शपथ घेतो. कधी धुतलेली नसते. वग संपला की वेढ्यातली सगळी माणसं आठवडाभर अंग खाजवत फिरतात. माझ्या डोक्यावर आता जेवढे केस आहेत तेवढे दत्तारामच्या दयेने आहेत. आंब्याला मात्र त्या औषधाने काय होत नाय.

आणि आंब्यावरूनच सगळं झालं.

यशवंताचा हातखंब्याला स्टॉल होता. हायवेला गाड्या थांबायच्या, त्याच्या पेट्या बघून लोक वास घ्यायचे, डोळे मिटायचे. यशवंता कमी बोलणारा, ताठ. महाराजांचं सोंग उतरवलं तरी मान खाली यायची नाय. तेच मला डाचायचं. त्या वर्षी बाजेला बांबू बांधून केलेली सोंगाची पालखी चौकीवर आली. मी विचारलं, "कोण जातंय?" तो बोलायच्या आत, कुठून सुचलं देवाला माहीत, मी वाकून आत बघितलं आणि ओरडलो, "अरे, ही तर हातखंब्याची पेटी! वर पेंढा रत्नागिरीचा आणि खाली आंबा कर्नाटकचा!"

सान हादरली. नाना गावकर धोतराने डोळे पुसत होते. दत्ताराम आंब्यावरून पडता पडता राहिला. माझ्या आयुष्यात मला तेवढं हसू कधी मिळालं नाय, ना आधी ना नंतर. कुठल्या तरी मुंबईकराने ते मोबाईलवर घेतलं आणि सोडलं. मे महिन्यात हातखंब्याला गाड्या थांबायच्या आणि काच खाली करून विचारायच्या, "कर्नाटकवाले तुम्हीच का?" विचारायच्या, हसायच्या, पुढे जायच्या. पुढच्या वर्षी स्टॉल उभा राहिला नाय.

खरं होतं का ते? मला काय माहीत! मी त्याच्या पेटीत कधी हात घातला नाय. त्याने मला कधी आंबा दिला तो त्याच्या कलमाचाच. मला हसू पाहिजे होतं, मी ते घेतलं.

जूनच्या आधी गडगा उभा राहिला. जमीन त्याची, सातबारा त्याचा, बोलायची सोय नाय. आमच्या घराला जायची वाट त्याच्या परड्यातून, म्हणजे परसातून, ती बंद. एक फट ठेवली, माणूस आडवा होऊन जाईल एवढी. माझ्या बायकोने बघितलं आणि बोलली, "भावोजीनी माप घेऊन ठेवलीय. मी जाते, पोरं जातात, तुमचं पोट जात नाय." वर्षभर मी खालच्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, दगडावरून उड्या मारत घरी येत होतो. गुडघे गेले.

ते सोसलं. पण शिमग्याला पालखी आली आणि गडग्यापाशी थांबली.

कोकणाबाहेरच्या माणसाला हे कसं सांगायचं? वर्षभर आपण देवीकडे जातो. शिमग्याला देवी आपल्याकडे येते. पालखी घराघरात जाते, अंगणात नाचते, घरची बाई ओटी भरते. त्यासाठी लोक मुंबईची नोकरी सोडून येतात, आजारी असले तरी उठून बसतात. ज्याच्या अंगणात पालखी आली नाय तो गावात राहतो खरा, पण गावाचा नसतो. पालखीला दांडे असतात, पुढे दोघे मागे दोघे. ती आडवी होऊन फटीतून जात नाय. आणि वरून न्यायची नाय, नानांनी बजावलं. "देवी काय चोर हाय, गडग्यावरनं उडी मारायला?" पऱ्यातली वाट पालखीची नाय. पालखीची वाट ठरलेली असते.

पालखी परत फिरली. आमचं अंगण शेणाने सारवलेलं, रांगोळी काढलेली, आणि माझी आय उंबऱ्यात खण-नारळ घेऊन उभी. सत्त्याऐंशीची. तिने खण घडी घालून ट्रंकेत ठेवला. पुढच्या वर्षी परत अंगण सारवलं, परत पालखी गडग्यापासून वळली, परत एक खण ट्रंकेत. अशी सात वर्षं. सातव्या वर्षी फक्त एवढं बोलली, "देवीच्या सात वट्या माज्या ट्रंकेत हायत. तुज्या एका जोकापायी."

त्या सात वर्षांत मी आणि यशवंता एकमेकांशी बोललो नाय, असं मात्र नाय. दर शिमग्याला बोलायचो. मान होता ना, सोडता येत नव्हता. मी बोलायचो, "कोण जातंय?" तो बोलायचा, "वाटसरू. वाट सोड." मी बोलायचो, "जाऊ द्या." वर्षातलं आमचं बोलणं एवढंच. तो दाढी चिकटवून बसलेला आणि मी अंग खाजवत उभा. तो 'वाट सोड' बोलला की माझ्या कानात जाळ व्हायचा. कोण कोणाला सांगतोय!

आठव्या वर्षी, दुपारी तीन वाजता, दत्तारामचा पाऊस पडत असताना, पालखी आली. मी विचारलं, "कोण जातंय?"

"वाटसरू. वाट सोड."

आणि मी भाला आडवा धरला. "नाय सोडत."

लोक हसले. त्यांना वाटलं, शांत्याचा नवीन जोक. मी भाला हलवला नाय. हसू हळूहळू विरलं, नुसती पंपाची धार ऐकू यायला लागली.

"बोल ना रे पुढचं," पालखी खांद्यावर घेतलेला पुढचा गडी कुजबुजला. "खांदा गेला माजा."

"आदी त्यानं वाट सोडायची," मी बोललो. "माज्या घरची. मंग मी सोडतो."

बापरे, काय उठले लोक! पहिली शिवी बायकांतून आली. मग सगळीकडून. शिमग्याच्या शिव्या वेगळ्या, त्या आपण हसत देतो. ह्या हसत दिलेल्या नव्हत्या. सून गाळणार, जाऊ दे.

"म्हाराजांना आडवतोस? गनिमा!"

"म्हाराजांना नाय," मी ओरडलो, "यशवंताला आडवतोय!"

"त्येच्या अंगावर सोंग काय हाय, दिसत नाय तुला?"

नारळाच्या सोडणाचा एक तुकडा माझ्या कानावर बसला. नाना गावकर काठी टेकत उठले. "शांताराम, तुज्या घराचा मान काढून घेईन. हितनं पुढं चौकीवर कुत्रं बसवीन."

"बसवा," मी बोललो. "पालखी येतच नाय तर मान कुठं ठेवू, ट्रंकेत?"

खोटं कशाला सांगू! मी काय शूर नाय. तेवढ्यात पंपाची टाकी संपली आणि पाऊस थांबला. भर उन्हात, आषाढात, आम्ही सगळे निथळत उभे. तेव्हा मला पहिल्यांदा वेढा कळला. आतल्या माणसाला कुठे तरी जायचं असतं. बाहेरचा नुसता उभा असतो, आणि त्याला कोण आपलं म्हणत नाय.

यशवंता बाजेवरून खाली उतरला. महाराज असे चौकीवर कधी उतरत नायत. तो माझ्यासमोर आला, अर्धी दाढी पाण्याने सुटून लोंबत होती, आणि मी हसलो नाय, हे माझं त्या दिवसाचं एकमेव शहाणपण.

"वाट पायजे तुला?" तो बोलला. आठ वर्षांनी त्याचा खरा आवाज. "मंग हितंच, ह्याच चौकीवर बोल. कर्नाटकचा आंबा तू कवा बगितलास माज्या पेटीत?"

मी लोकांकडे बघितलं. तीच माणसं, ज्यांनी मला ते हसू दिलं होतं. माझ्याकडे दुसरं काय होतं? शिक्षण नाय, बापासारखं सोंग नाय. एक जोक होता. लग्नाबारशात मला बसवून लोक तो परत बोलायला लावायचे, आणि मी बोलायचो.

"नाय बगितला," मी बोललो. "मी खोटं बोल्लो व्हतो."

आणि मग सगळे हसले.

पोट धरून हसले. त्यांना वाटलं, अडवणं पण जोक, शिव्या खाणं पण जोक, आणि हा त्याचा शेवट. मी परत बोललो, "अरे, खरंच खोटं बोल्लो व्हतो!" आणखी हसले. "आयशप्पत! त्येच्या पेटीत त्येच्याच कलमाचा आंबा व्हता!" नाना गावकर परत धोतराने डोळे पुसायला लागले. मी जेवढा गळा काढून सांगत होतो तेवढी सान लोळत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पण लोकांना सोंग वाटलं. टाळ्या पडल्या. आयुष्यभर विदूषकी केली की माणसाचं रडं पण वगात जमा होतं.

एक माणूस हसत नव्हता. अर्धी दाढी हातात धरून तो माझ्याकडे बघत होता. मग वळला, बाजेवर जाऊन बसला. मी भाला सरळ केला आणि बोललो, "जाऊ द्या." कंडक्टरसारखंच. पालखी गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीत देवी फिरणार होती. आय सकाळी उठून अंगण सारवायला बसली. मी बोललो, "आये, नको. परत फिरंल." ती बोलली, "फिरू दे. ती फिरती म्हनून मी सारवू नको?" मी पडवीत तोंड पाडून बसलो होतो, कान सुजलेला, अंगाला खाज. आणि आठच्या सुमाराला आवाज आला. ठक.

मी गेलो नाय बघायला. भीती वाटली. दिसला नाय तर? ठक. परत ठक.

ढोल जवळ आले तेव्हा मात्र धावत गेलो. गडग्यात पालखीपुरती वाट उघडली होती. एक वीत जास्त नाय, मापात. काढलेले दगड बाजूला नीट रचलेले, उद्या परत लावायला सोपे जातील असे. (लावले. संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबला नाय. दरवर्षी शिमग्याला काढतो आणि पालखी गेली की लावतो. पऱ्यातनं माझ्या उड्या अजून चालूच आहेत, आणि बोलणं बंदच आहे.) त्या वाटेच्या तोंडावर, हातात पहार घेऊन, यशवंता उभा होता. दाढी नाय, सोंग नाय, लुंगी आणि घामाने भिजलेली बनियन.

पालखी त्याच्यासमोर येऊन थांबली. भोई थांबले, कारण सात वर्षं तिथेच थांबायची सवय. ढोल थांबला. नानांनी त्याच्याकडे बघितलं. मी अलीकडे, माझ्या मागे आय, हातात आठ खण. यशवंताने पालखीकडे बघितलं. लगेच बोलला नाय. माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात माया नव्हती, उगाच कशाला सांगू! मग मान फिरवून, कोणाला तरी शिवी दिल्यासारखा, बोलला, "जाऊ द्या."

तंतोतंत माझ्या बापासारखा. मी इतके शिमगे ते वाक्य बोलतोय, मला जमलं नाय, आणि ह्या हलकटाने एकदाच बोलून दाखवलं.